बाबासाहेबांचे प्रवेशअर्ज

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण सर्वांनी शाळेपासून वाचले आहे. महाडचे तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षा हे त्या चरित्राचे टप्पे झोपेतून उठवून विचारले तरी आपल्याला सांगता येतात. त्यांच्या परदेशातील शिक्षणाची पाळी आली की मात्र आपण एका दमात एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर एवढी अक्षरे म्हणतो आणि पुढे सरकतो. ती अक्षरे नावापुढे लागावीत म्हणून या माणसाला किती अर्ज लिहावे लागले, कोणत्या अटी पाळाव्या लागल्या, कोणत्या मुदती गाठण्यासाठी जिवाचे रान करावे लागले, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गेले वर्षभर मी परदेशी विद्यापीठांची प्रवेशपत्रके चाळतो आहे. त्या नजरेने धनंजय कीर आणि चांगदेव खैरमोडे यांनी लिहिलेली चरित्रे पुन्हा उघडली, तेव्हा ओळखीच्या चरित्रात एक निराळाच विद्यार्थी भेटला. त्याची हकीकत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

मी लोणी देवकरचा. पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवण सोडून इंदापूरकडे निघाले की औद्योगिक वसाहतीच्या फाट्याशी आमचे गाव लागते. कारखान्यांची पत्र्याची छपरे, त्यांना खेटून ऊस आणि पलीकडे उजनीचे पाणी. आमच्याकडचा मुलगा बी.ए.ला गेला की लोक पुढे काय म्हणून विचारतात, आणि या ‘पुढे’मध्ये परदेशाचा उच्चारही नसतो. परदेश हा इंजिनिअरांचा प्रांत, असा सर्वांचा समज. म्हणून पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी की १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क बंदरात उतरलेला तो बावीस वर्षांचा तरुण आपल्यासारखाच कला शाखेचा पदवीधर होता. त्याचे बी.ए.चे विषय होते इंग्रजी आणि फार्सी.

फार्सीचीही एक कथाच आहे. भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातील शिक्षक, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. साताऱ्याला सुरुवातीचे शिक्षण होऊन कुटुंब मुंबईला आले. भीमरावांना संस्कृत शिकायचे होते, पण अस्पृश्य मुलाला ती भाषा शिकवली जात नव्हती, म्हणून दुसरी भाषा फार्सी घ्यावी लागली. ज्या विषयाची आवड तो विषय नाही, जो मिळाला तो विषय, आणि त्याच विषयाच्या जोरावर पदवी! पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या कष्टाने शिकून घेतले, तो भाग वेगळा.

१९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. या निमित्ताने सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे कॉलेजच्या फीची अडचण आली तेव्हा याच केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपये मिळू लागले. शिफारसपत्र हा शब्द आपण परदेशी प्रवेशाच्या संदर्भात वापरतो, पण बाबासाहेबांच्या आयुष्यातील पहिली मोलाची शिफारस या मराठी शिक्षकाची आहे. आपल्या गुरुजींच्या शब्दाला बाहेर कोण विचारतो, असे म्हणणाऱ्यांनी केळुसकरांची आठवण ठेवावी.

पदवी हाती आल्यावर १९१३ च्या आरंभी भीमराव बडोद्याच्या नोकरीत गेले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली आणि २ फेब्रुवारीला रामजी गेले. त्याच सुमारास सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवण्याच्या विचारात होते. भीमराव त्यांना भेटले, निवड झाली आणि ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. करार असा, की ठरलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची चाकरी करायची. विद्यावेतन दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. दहा वर्षांचे हमीपत्र! आजकाल शिष्यवृत्तीच्या कागदावर जामीनदाराची सही घ्यायची म्हटली तरी घरात चार दिवस चर्चा चालते.

कोलंबियाचे दार मात्र फार कुरकुरले नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाले होते, त्याची पदवी बाहेर ओळखीची होती. त्या पदवीवर राज्यशास्त्र विभागाच्या पदव्युत्तर वर्गात त्यांना बसता आले. आज या बाबतीत आपली अडचण होते ती वर्षांच्या हिशेबाची. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे शाळा धरून सोळा वर्षांचे शिक्षण मागतात आणि आपली बारा अधिक तीन मिळून पंधराच भरतात. नव्या शैक्षणिक धोरणातील चार वर्षांच्या पदवीने हा हिशेब जुळेल. जुन्या पद्धतीने पदवीधर झालेल्यांना मात्र एक तर एम.ए. पुरे करावे लागते किंवा तीन वर्षांची पदवी चालवून घेणारे विद्यापीठ शोधावे लागते.

न्यूयॉर्कमध्ये ते आधी हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले, पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याच्या सोबतीने. ही सोबत पुढे फार कामाला आली. तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद विद्यापीठाच्या दप्तरावरून झाली आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी एक. बेरीज साठ होते. फार्सी घेऊन बी.ए. झालेल्या मुलाने अर्थशास्त्रात २९ अभ्यासक्रम घेतले, ही गोष्ट मला पदव्यांच्या यादीपेक्षा मोठी वाटते. आपल्याकडे विषय एकदा चिकटला की जन्माचा चिकटतो. तिथे त्यांना दालनातून दालनात फिरता आले, आणि ते सगळी दालने फिरले. साडेअकरा पौंडांतून ते घरीही पैसे पाठवीत. उरलेल्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून खरेदी करीत. म्हणतात की अशी दोन हजारांवर पुस्तके जमली होती.

१९१५ साली एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची घडण आणि वाढ यावर निबंध वाचला. पीएच.डी.चा प्रबंध हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावर आणि अर्थव्यवहारावर लिहिला. पुढे लंडनला जे दोन प्रबंध केले, त्यांतील एक प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकेंद्रीकरणावर, दुसरा रुपयाच्या प्रश्नावर. परदेशी बसून हा विद्यार्थी सतत हिंदुस्थानचाच अभ्यास करीत होता.

हे मुद्दाम लिहितो आहे, त्याला कारण आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती ही योजना १९५४-५५ पासून चालू आहे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी ती आहे. २०२२ च्या नियमावलीप्रमाणे जागा १२५, त्यांपैकी शेतमजूर व कारागीर मिळून ४. वय पस्तिशीच्या आत, पदवीला किमान ६० टक्के, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत, आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असलेल्या विद्यापीठाचे विनाअट प्रवेशपत्र. इथवर समजू शकते. पण त्याच नियमावलीत एक नवे कलम आले, की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास यांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. कारण असे दिले गेले की भारताचा अभ्यास भारतात राहूनच चांगला होतो. या कलमावर तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ टीका झाली. मी टीकाकार नाही, मी अर्जदार आहे. आमच्या घरी जमीन नाही; आई-वडील दुसऱ्याच्या उसात राबतात. मला अभ्यास करायचा आहे तो उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचा. आमच्या शेजारचे जुने पळसदेव धरणात बुडाले. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसनाथाचे देऊळ वर येते आणि लोक होडीने बघायला जातात. देवळाचे छायाचित्र सर्वांनी पाहिले आहे, पण गाव कुठे कुठे गेले याचा हिशेब मला मांडायचा आहे. हा विषय त्या कलमात बसत नाही. सयाजीरावांच्या करारात असे कलम असते तर जातींवरचा तो निबंध कोणत्या वर्गात वाचला गेला असता, एवढाच प्रश्न माझ्या मनात येतो.

आता लंडनकडे वळू. १९१६ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कहून लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी एम.एस्सी.साठी नाव घातले. फी दहा पौंड दहा शिलिंग. मॅकिंडर यांच्याकडे भूगोल आणि हॉबहाउस यांच्याकडे समाजविकासाचा सिद्धान्त असे त्यांचे विषय होते. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी प्रवेश घेतला. बॅरिस्टरीची तेव्हाची एक अट मोठी मौजेची आहे. परीक्षा तर द्यायच्याच, पण बारा सत्रे भरायची, आणि सत्र भरले हे सिद्ध होणार ते इनच्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवल्याने. म्हणजे हजेरीपट ताटावरचा! स्वतःच्या खोलीवर जो अर्धपोटी राहात होता, त्याच्याकडून विलायतेतील नियमाने जेवणे मात्र मोजून घेतली.

एवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. वाढवून मागितली, पण बडोद्याच्या दिवाणांकडून परत येण्याची सूचना आली. अर्धा अभ्यास टाकून निघायचे, तर पुन्हा दार उघडेल कशावरून? या ठिकाणी बाबासाहेबांनी जे केले ते आपण शिकण्यासारखे आहे. ते रुसून निघून गेले नाहीत. प्रा. एडविन कॅनन यांच्या साहाय्याने त्यांनी विद्यापीठाकडून लेखी परवानगी मिळवली, की चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास पुढे चालू करता येईल. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईला पोचले. सामान दुसऱ्या बोटीवर होते, महायुद्धाचा काळ, ती बोट पाणतीराने बुडाली. विम्याचे जे पैसे मिळाले, त्यांतून बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला.

बडोद्यात काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे, तरी या हकीकतीत ते सांगितलेच पाहिजे. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेला हा अधिकारी करार पाळण्यासाठी आला होता. कचेरीतील शिपाई त्याच्या टेबलावर कागद लांबून फेकीत. प्यायला पाणी मिळेना. शहरात राहायला जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले; अकरा दिवसांनी काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून त्यांनी दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. न्यूयॉर्कने त्यांचे प्रमाणपत्र पाहून वसतिगृहात खोली दिली होती. बडोद्यात तीच प्रमाणपत्रे खिशात असून खाट मिळाली नाही. प्रवेशाच्या अटी कडक असोत, त्या लिहिलेल्या असतात, वाचता येतात आणि पुऱ्या करता येतात. बडोद्यातील अट कोणत्याच कागदावर लिहिलेली नव्हती, आणि जगातील कोणतीही पदवी ती पुरी करू शकत नव्हती. याच प्रसंगांची त्यांनी पुढे टिपणे लिहून ठेवली. त्या टिपणांचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. ते निधनानंतर प्रसिद्ध झाले आणि कोलंबिया विद्यापीठात अभ्यासाला लावले गेले. परवाना परदेशाचा नव्हे, स्वदेशाचाच.

चार वर्षांची मुदत इकडे धावत होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून जागा मिळाली, पगार ४५० रुपये. रमाबाई परळच्या चाळीत संसार चालवीत होत्या. त्यांच्या काटकसरीशिवाय पगारातून एक रुपया मागे पडला नसता. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. १९२० च्या जुलैमध्ये, म्हणजे मुदत संपण्यापूर्वी वर्षभर, ते पुन्हा लंडनला निघाले.

या वेळी फी एक गिनीने वाढून अकरा पौंड अकरा शिलिंग झाली होती. कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनी लंडनचे प्रा. फॉक्सवेल यांना बाबासाहेबांविषयी लिहिले आणि फॉक्सवेल यांनी नोव्हेंबर १९२० मध्ये संस्थेच्या सचिवांना कळवले. एका अध्यापकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने कचेरीला, असा हा शिफारशीचा धागा. आजही प्रवेशअर्जाला दोन-तीन शिफारसपत्रे लागतात. आपल्यातले पुष्कळ जण मजकूर स्वतःच लिहून सरांपुढे फक्त सहीला ठेवतात. सेलिग्मन आपल्या विद्यार्थ्याला खरोखर ओळखत होते. त्यांच्या वर्गात तो बसलेला होता, वाद घातलेला होता. आपल्या प्राध्यापकांना आपण तिसऱ्या वर्षी तरी नावाने माहीत असावे, असे मला वाटते. (या ओळी वाचून काही सर हसतील, ते हसू मान्य आहे.)

लंडनचे दिवस फार ओढीचे होते. ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडताना आत जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, रात्री भूक लागली की मित्राने दिलेले पापड. १९२१-२२ मध्ये ते १०, किंग हेन्रीज रोड येथे राहात. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले आहे. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली.

याच काळातील एक प्रकरण चरित्रांतून ओझरते येते, मला मात्र त्याने खिळवून ठेवले. फेब्रुवारी १९२१ मध्ये बाबासाहेबांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठाच्या प्रवेशासाठी पत्र लिहिले, तेही जर्मन भाषेत. कोलंबियात घेतलेला तो प्राथमिक जर्मनचा एक अभ्यासक्रम आठवतो ना? साठांतला तो एक असा उपयोगी पडला. एप्रिल १९२२ मध्ये बॉनला त्यांचे नाव दाखल झाले. पण लंडनचा प्रबंध आणि पैशांची ओढाताण यांत तासांना हजर राहणे जमले नाही, आणि जानेवारी १९२३ मध्ये गैरहजेरीमुळे पटावरून नाव कमी झाले. बाबासाहेबांचेही नाव पटावरून कमी झाले होते, हे वाचून आमच्या वर्गातील काही मित्रांना फार आनंद होईल. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की त्या काळात ते दुसऱ्या शहरात डी.एस्सी.चा प्रबंध लिहीत होते आणि १९२२ मध्येच बॅरिस्टरही झाले होते.

तो प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर झाला. परीक्षकांनी काही भाग पुन्हा लिहून आणायला सांगितले. हाती पैसे नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले आणि सुधारलेला प्रबंध येथून टपालाने पाठवला. वर्षअखेरीस डी.एस्सी. मिळाली आणि प्रबंध लंडनच्या पी. एस. किंग यांनी छापला.

कोलंबियाची पीएच.डी.? ती अजून झालीच नव्हती. प्रबंध १९१७ च्या आधीच मान्य झाला होता, पण विद्यापीठाचा नियम असा, की प्रबंध छापून त्याच्या ठरावीक प्रती दाखल केल्याशिवाय पदवी मिळायची नाही. छपाईला पैसा लागतो. प्रबंधाचे वाढवलेले रूप प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ म्हणून १९२५ मध्ये निघाले. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीराव महाराजांना. ८ जून १९२७ रोजी पदवी मिळाली. न्यूयॉर्कला पाऊल ठेवल्यापासून चौदा वर्षे झाली होती. महाडचा सत्याग्रह होऊन अडीच महिने झाले होते. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारा पुढारी तेव्हाही, कागदोपत्री, एका अमेरिकन विद्यापीठाचा पदवी न मिळालेला विद्यार्थी होता.

पुढच्या काळात दुसऱ्यांच्या अर्जांची काळजी त्यांनी केली. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. त्या वर्षी व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या द्याव्यात अशी त्यांची मागणी होती. कला शाखेच्या वाचकांना टोचेल, पण सांगतो: त्या निवेदनात त्यांचा भर विज्ञान आणि तंत्रज्ञानावर होता, कला आणि कायदा यांच्या शिक्षणाने आपल्या लोकांना फारसा लाभ होणार नाही, असे त्यांनी तेथे मांडले. स्वतः इंग्रजी, फार्सी, अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेल्या माणसाचे हे मत आहे. मला ते पूर्ण पटत नाही. त्यांचेच चरित्र त्याच्या विरुद्ध साक्ष देते. तरी हेही खरे, की १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा त्यात कला शाखाही होती.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते मुंबईतून हरले. प्रकृती ढासळली होती. त्याच वर्षी कोलंबियाने त्यांना सन्माननीय एलएल.डी. देण्याचे ठरवले आणि ते विमानाने न्यूयॉर्कला गेले. ५ जून १९५२ रोजी ती पदवी त्यांनी स्वीकारली. त्यानंतर साडेचार वर्षांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्या शेवटच्या कोलंबिया-भेटीत ना करार होता, ना मुदत, ना छापील प्रती. विद्यापीठानेच त्यांना पत्र लिहिले होते.